नोहाचा चेहरा : दोह्यात न दाखविलेल्या एका चित्रपटाविषयी

(पराशा नोआहच्या आठवड्यात, शब्बाथ समाप्तीनंतर हब्दाला झाल्यावर दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



आज सकाळी आपण सेफेर तोरातून नोहाची कथा ऐकली. ती रुपेरी पडद्यावर आणावयाची झाल्यास काय अडचणी येतात, याविषयी मला आज बोलावयाचे आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका न पाहिलेल्या चित्रपटामुळे.

मार्च २०१४ मध्ये मी नोकरीनिमित्त कतारची राजधानी दोहा येथे राहत होतो. डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्की या दिग्दर्शकाचा ‘नोहा’ हा चित्रपट त्या महिनाअखेर प्रदर्शित व्हावयाचा होता. दिग्दर्शक ब्रुकलिनच्या यहुदी कुटुंबातील. शाळकरी वयातच त्याने नोहाच्या कथेवर कविता लिहिली होती. ज्या शहरात सिनेगॉग नाही, मिन्यान नाही, तेथे आपल्या तोरातील कथा मोठ्या पडद्यावर पाहावयास मिळणार, याचे मला फार अप्रूप होते. परंतु प्रदर्शनापूर्वीच बातमी आली की, कतार, बहरीन आणि संयुक्त अरब अमिराती या तिन्ही देशांत चित्रपटास परवानगी नाकारण्यात आली आहे. कैरोच्या अल-अझहर या विद्यापीठानेही त्याच सुमारास हरकत नोंदविली होती. कारण एकच : पैगंबराचे चित्रण.

माझ्या कचेरीत मुरूडकडील एक वयस्क कोकणी मुसलमान गृहस्थ होते. आमचे गाव रेवदंडा, म्हणजे किनारा एकच. मी त्यांना चाचा म्हणत असे. जेवणाच्या सुट्टीत मी काहीशा रागानेच त्यांना विचारले, “चाचा, कथा आमच्या तोरातली. मग ती दाखवायची की नाही, हे इथे दुसऱ्यांनी का ठरवायचं?”

ते शांतपणे म्हणाले, “नूह अलैहिस्सलाम तुमचे तसे आमचेही. उद्या माझा नातू त्यांचं नाव घेईल, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्या नटाचं तोंड येईल. ते मला नको, बेटा.”

मला उत्तर सुचले नाही. त्या शुक्रवारी रात्री खोलीत एकट्याने किद्दूश केल्यावर मी नोहाचा पराशा काढून वाचला. त्याची वेळ नव्हती. पेसाह जवळ आला होता. परंतु चाचांच्या बोलण्यामुळे मला तो नव्याने वाचावासा वाटला.

प्रथम त्यांची बाजू समजून घेऊ. कुराणाची ७१वी सूरा नूहच्याच नावाची आहे. इस्लामच्या श्रद्धेप्रमाणे पैगंबर हे मोठ्या पापापासून सुरक्षित राखलेले असतात, आणि त्यांची प्रतिमा करू नये असा रूढ संकेत आहे. धार्मिक इतिहास पडद्यावर आणण्यास कतारचा सरसकट विरोध आहे, असेही नाही. २०१२ साली खलिफा उमर यांच्यावरील भव्य दूरचित्रवाणी मालिका एमबीसी या वाहिनीने कतार टीव्हीच्या सहकार्यानेच निर्माण केली. खलिफांच्या भूमिकेत नट उभा केला म्हणून त्या वेळीही वाद झाला. पण त्या मालिकेत पैगंबर मात्र दिसत नाहीत. मर्यादेची रेषा पैगंबराच्या चेहऱ्यापाशी आखलेली आहे.

आपल्याकडे नोहाचे स्थान निराळे आहे. तो ‘आपल्या पिढ्यांमध्ये’ नीतिमान होता, असे तोरा म्हणते. या दोन शब्दांवर राशी दोन मते देतात. एक मत म्हणते, वाईट पिढीत असूनही तो चांगला राहिला. चांगल्या पिढीत तर अधिकच थोर झाला असता. दुसरे म्हणते, अब्राहामाच्या पिढीत असता तर त्याला कोणी मोजलाही नसता. शिवाय द्राक्षमळा लावून तो नशेत पडला, हेही तोरा लपवीत नाही. आपण नोहाविषयी वाद घालतो, आणि तो वाद आपल्या अध्ययनाचाच भाग असतो.

पटकथालेखकाची खरी अडचण मात्र पुढे आहे. जलप्रलयाच्या सबंध वृत्तांतात नोहा एक शब्दही बोलत नाही. परमेश्वर आज्ञा देतो. नोहा ती पाळतो. सदोमसाठी अब्राहाम परमेश्वराशी वाद घालतो. जग बुडणार हे ऐकूनही नोहा गप्प राहतो. तोरात त्याचे पहिले उद्गार येतात ते प्रलय ओसरल्यानंतर, आणि ते कनानला दिलेल्या शापाचे आहेत. सव्वादोन तासांच्या चित्रपटाचा नायक मुका ठेवता येत नाही. त्या मौनात काहीतरी भरावेच लागते.

अ‍ॅरोनोफ्स्की आणि त्याचा सहलेखक अ‍ॅरी हँडेल यांनी ते पुष्कळसे आपल्याच परंपरेतून घेतले. तोरातील ‘तेबा’ म्हणजे पेटी. तिला शीड नाही, सुकाणू नाही. मोशेच्या टोपलीलाही तोच शब्द आहे, आणि सेफर्दी वहिवाटीत तोरा वाचण्याच्या चौथऱ्यालाही तेबाच म्हणतात. चित्रपटातील तारूही होडीच्या आकाराचे नसून प्रचंड पेटीसारखे आहे. ‘त्सोहार’ या शब्दाचा अर्थ कोणी खिडकी करतात, कोणी प्रकाश देणारे रत्न, असे राशी सांगतात. पडद्यावर तो चमकणारा खनिज दगड झाला आहे.

सर्वांत मोठा बदल मात्र पदरचा आहे. तोराप्रमाणे नोहा, त्याची पत्नी, तीन मुलगे आणि तीन सुना, अशी आठ माणसे तेबेत शिरली. चित्रपटाने दोन सुना वगळल्या आणि थोरलीस वांझ ठरविले, म्हणून हा नोहा समजतो की, मानवजात संपावी हीच परमेश्वराची इच्छा आहे. पुढे सुनेला जुळ्या मुली होतात, तेव्हा तो त्यांच्यावर सुरी उगारतो. हे तोरात कोठेही नाही. पण आपल्या पिढीसाठी जो रदबदली करीत नाही, त्याचे मन कसे असेल, हा प्रश्न मात्र आपल्या भाष्यकारांनाही पडलेला आहे.

एका गोष्टीची मला चुटपुट लागली. चित्रपटात प्राण्यांना धुपाच्या धुराने झोपवून टाकतात. आपल्या मिद्राशात याच्या नेमके उलट आहे. तेथे नोहाला रात्रंदिवस प्रत्येक प्राण्याला त्याच्या वेळेवर चारा द्यावा लागतो. एकदा उशीर झाला म्हणून सिंह त्याला जखमी करतो. नोहाचे थोरपण त्या वर्षभराच्या सेवेत आहे, आणि नेमके तेच पडद्यावरून गळाले.

मग बंदी योग्य होती काय? मला तसे वाटत नाही. जे पाहू दिले जात नाही त्याची चिकित्साही करता येत नाही. सुट्टीत मुंबईस आल्यावर मी चित्रपट पाहिला, म्हणूनच आज त्याच्या उणिवा सांगू शकतो. परंतु चाचांचे भय खोटे नव्हते. तेव्हापासून ‘नोहा’ म्हटले की मला रसेल क्रो दिसतो.

याविषयी आपल्या पूर्वजांचा एक धडा उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्या बेने इस्राएल कीर्तनकारांनी तनाखमधील आख्याने मराठी कीर्तनात आणली. कीर्तनकार क्षणभर त्या पुरुषाच्या वाणीने बोलतो आणि पुन्हा स्वतः होऊन अर्थ सांगतो. त्यामुळे श्रोत्याच्या मनात पात्राची जागा तो अडवून बसत नाही. चित्रपटात हा परतीचा क्षण नसतो. तो घरी आईबापांनी निर्माण करावा लागतो : मुलांना चित्रपट जरूर दाखवावा, आणि त्याच आठवड्यात पराशा उघडून दोहोंत काय निराळे आहे ते त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे.

त्या चित्रपटातील एक प्रसंग मला फार आवडला. बाहेर प्रलय चालू असता तेबेच्या अंधारात नोहा आपल्या कुटुंबाला सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगतो. तो पाहताना मला नवगावचा किनारा आठवला. आपल्या परंपरेप्रमाणे तेथे फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. उरला तो शेमा, शब्बाथ आणि तोंडी सांगितलेले थोडेसे. तेवढ्यावर आपण शतकानुशतके तगलो.

मुंबईहून दोह्यास परतल्यावर मी चाचांना या प्रसंगाविषयी सांगितले. ते म्हणाले, “हे मात्र खरं वाटतं. घरात असंच सांगितलं असेल त्यांनी.”

शाबुआ तोव.