पाटी मागितली, माती आणली!

अंगणवाडीत तासभर बसले, तर करमणुकीसाठी दुसरीकडे जायला नको. एकाने आईच्या नावाने भोकाड पसरले की रडण्याची साथ गोवरापेक्षा वेगाने पसरते. लपाछपीत एखादा डोळ्यांवर हात घेऊन खोलीच्या मधोमध उभा असतो. मला कोणी दिसत नाही, म्हणजे मीही कोणाला दिसत नाही, अशी त्याची पक्की खात्री! बाबांचे नाव विचारले तर उत्तर येते, "बाबा". पालकांनी याची काळजी करू नये. या वयात जग स्वतःच्याच जागेवरून दिसते.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला या गमती नव्या नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडला गेले. (ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलांची स्वच्छता आणि तब्येत त्यांनी शिक्षणापासून वेगळी काढली नाही, आणि डॉक्टर म्हणून मला तेच फार मोलाचे वाटते. कारण काही गमतींचे मूळ शरीरात असते.

समजा, बाईंनी सांगितले, "पाटी आण," आणि पोराने ओंजळभर माती आणली. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी "उभे राहा" म्हटल्यावर शेजाऱ्याकडे पाहून तो सर्वांत शेवटी उठला. आठवडाभरात त्याचे नाव 'येडा' पडते आणि घरी त्यापायी धपाटेही बसतात. असे मूल दवाखान्यात आले की माझा पहिला प्रश्न असतो, सर्दी किती दिवसांची? शहापूर-मुरबाडकडे पोरांचे नाक आषाढात गळू लागते ते पार दिवाळीपर्यंत. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती बंद झाली की पडद्यामागे चिकट पाणी साचते. कान वाहत नाही, बहुधा दुखतही नाही. फक्त आवाज दबका येतो, विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची माणसे ऐकू यावीत तसा. शिवाय आज बरे, उद्या कमी. म्हणून घरचे म्हणतात, "पाहिजे तेव्हा बरोबर ऐकतो!"

मूल खेळत असताना त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून हलक्या आवाजात "लाडू घे" म्हणावे. मान वळली नाही, तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पाहावे. लाडवालाही वळत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. तोवर मुलाला पुढे बसवावे, समोर येऊन बोलावे, विडी-सिगारेटच्या धुरापासून दूर ठेवावे. तीन महिन्यांनंतरही ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. कानात गरम तेल किंवा लसणाचा रस मुळीच घालू नये.

पाटीवरची पेन्सिल आणि भिंतीचे पोपडे खाणाऱ्या पोरावरही असेच हसले जाते. दोन वर्षांनंतर ही सवय टिकली तर रक्त तपासून घ्यावे. लोह कमी असण्याचा संभव मोठा. बोटांना कडुनिंब चोळून लोह वाढत नाही. जो बूड टेकून बसतच नाही, त्याला रात्री गुदद्वाराशी खाज सुटते का, तेही पाहावे. बारीक कृमी असतील तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सर्वांनी एकदम घ्यायचे असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासावीत, अशी व्यवस्था आहे. पथकाकडे एकेका पोरासाठी थोडाच वेळ असतो, आणि तेवढ्यात ते बहुधा शहाण्यासारखे बसते. म्हणून त्या दिवशी आईने किंवा आजीने हजर राहून 'पाटी-माती'ची हकिकत डॉक्टरांना जशीच्या तशी सांगावी.