इंटरनेट सेवा, ब्रिटनमधील

ब्रिटनमधील घरांत व व्यवसायस्थळी इंटरनेट पोहोचविणारी तारजाले, त्यांवरून सेवा विकणाऱ्या कंपन्या आणि या दोहोंवरील शासकीय नियमन यांचा परामर्श येथे घेतला आहे. या देशात इंटरनेट सेवा प्रारंभी स्वतंत्र यंत्रणा म्हणून उभी राहिली नाही. दूरध्वनीसाठी पूर्वीच टाकलेल्या तांब्याच्या तारांवर ती बसविण्यात आली. त्यामुळे सेवेचा दर, तिचा वेग, ती कोणाला मिळावी आणि तिच्याद्वारे काय पाहू द्यावे, या विषयांवर जे वाद झाले त्यांपैकी बरेचसे एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतात : घरात येणारी तार कोणाची आणि तिच्या मालकाने त्या घराचे काय देणे लागते?

तारेची मालकी : १ जानेवारी १९१२ रोजी टपाल खात्याने नॅशनल टेलिफोन कंपनीचा कारभार ताब्यात घेतला व दूरध्वनी हा जवळजवळ सर्वत्र शासकीय व्यवसाय झाला. याला ठळक अपवाद हल या बंदराच्या शहराचा. तेथील नगरपालिकेने १९०२ मध्ये परवाना मिळवून १९०४ मध्ये स्वतःची दूरध्वनी सेवा सुरू केली आणि ती टिकवून धरली. त्या शहरातील सार्वजनिक दूरध्वनी-कक्ष लाल नसून दुधी रंगाचे आहेत, ही प्रवाशांना गमतीची वाटणारी गोष्ट या स्वतंत्र इतिहासाचीच खूण होय. पुढे नगरपालिकेने ही कंपनी विकली. तथापि संपूर्ण प्रकाशीय तंतूचे जाल २०१९ मध्येच पूर्ण करून हलने उर्वरित देशाला मागे टाकले.

टपाल खाते १९६९ मध्ये सार्वजनिक महामंडळ झाले. १९८१ च्या अधिनियमाने दूरसंदेशवहन टपालापासून वेगळे करण्यात आले आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून थोडे अधिक भाग जनतेस विकण्यात आले. नियमनासाठी ऑफटेल हे कार्यालय स्थापन झाले. त्याचे काम २००३ च्या अखेरीस ऑफकॉमकडे आले. मालकी खासगी झाली, पण तार एकच राहिली. मर्क्युरी या प्रतिस्पर्धी कंपनीला १९८२ मध्ये परवाना मिळाला असला, तरी घरोघरी दुसरी तार टाकणे तिला परवडण्यासारखे नव्हते.

प्रेस्टेल : इंटरनेट सामान्य माणसाच्या आटोक्यात येण्यापूर्वी टपाल खात्याच्या संशोधनशाळेतील सॅम्युएल फेडिडा यांनी दूरध्वनीच्या तारेवरून दूरचित्रवाणी संचावर मजकुराची पाने आणण्याची योजना आखली. १९७९ मध्ये ती प्रेस्टेल या नावाने सार्वजनिक वापरासाठी खुली झाली. बातम्या, वेळापत्रके, बँकव्यवहार व संदेशपेटी अशा सोयी तीत होत्या. कल्पना काळाच्या पुढची होती; परंतु खास संच महाग, दूरध्वनीचा आकार वेगळा आणि काही पानांना पानागणिक मूल्य, अशा तिहेरी खर्चामुळे ग्राहकसंख्या लाखाच्या आतच राहिली. फ्रान्समध्ये याच सुमारास मिनिटेलची यंत्रे फुकट वाटण्यात आली व ती लक्षावधी घरांत पोहोचली. तंत्र साधारण सारखेच असताना फळ इतके निराळे आले, याचे कारण दरआकारणीत शोधले पाहिजे.

प्रेस्टेलने ब्रिटिश कायद्याला मात्र एक कायमचे वळण दिले. रॉबर्ट शिफ्रीन व स्टीव्हन गोल्ड यांनी १९८४-८५ मध्ये प्रेस्टेलच्या यंत्रणेत शिरकाव केला. एडिंबरोचे ड्यूक प्रिन्स फिलिप यांची संदेशपेटीही त्यांना उघडता आली. अशा कृत्यासाठी कायदाच नसल्यामुळे त्यांच्यावर बनावट दस्तऐवजविषयक अधिनियमाखाली खटला भरण्यात आला. १९८६ मधील शिक्षा पुढील वर्षी अपील न्यायालयाने रद्द केली आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते निर्दोषत्व कायम केले. काही क्षण वापरून पुसला जाणारा परवलीचा शब्द म्हणजे खोटा दस्तऐवज, हा अर्थ न्यायालयास मान्य झाला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० चा संगणक गैरवापर अधिनियम संमत झाला.

मिनिटांचा हिशेब : ब्रिटनमध्ये स्थानिक संभाषणासही सामान्यतः मिनिटागणिक आकार पडे. डेमन इंटरनेट ही कंपनी १९९२ पासून करांव्यतिरिक्त दरमहा १० पौंडांत जोडणी देत असे, परंतु दूरध्वनीचे देयक त्याहून निराळे येई. लोक पाने भराभर उतरवून घेत व तार तोडून मग वाचीत बसत. सप्टेंबर १९९८ मध्ये डिक्सन्स या विद्युत्-उपकरणांच्या दुकानदाराने फ्रीसर्व्ह ही विनावर्गणी सेवा काढली. तिची युक्ती अशी : ग्राहकाने संभाषणापोटी भरलेल्या रकमेचा काही हिस्सा, संभाषण स्वीकारणाऱ्या जालाकडून सेवा देणाऱ्या कंपनीला मिळे. म्हणजे सेवा फुकट नव्हतीच. वर्गणी मिनिटांत मिसळली होती. तरीही काही महिन्यांतच तिचे ग्राहक दहा लाखांवर गेले. दुसरीकडे, मिनिटांची मोजणीच बंद करावी या मागणीने ग्राहकांची चळवळ उभी राहिली. २००० मध्ये ऑफटेलने, प्रतिस्पर्ध्यांना मिनिटांऐवजी ठोक दराने तारजाल उपलब्ध करून देण्यास ब्रिटिश टेलिकॉमला भाग पाडले आणि हा हिशेब मागे पडू लागला.

तारेची वाटणी : २००० मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने त्याच तारेवर उच्च कंप्रतेचे संकेत पाठवून सतत चालू राहणारी, ५१२ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची सेवा सुरू केली. ही पद्धत केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. तार जितकी लांब, तितका संकेत क्षीण. प्रतिस्पर्ध्यांनी केंद्रात आपली यंत्रे बसवून तीच तार भाड्याने घ्यावी, असा नियम झाला, तरी प्रारंभीची काही वर्षे ही योजना रखडली. कारण तार देणारी कंपनी स्वतःच किरकोळ विक्रीतही उतरलेली होती. अखेर २००५ मध्ये ऑफकॉमला लेखी हमी देऊन ब्रिटिश टेलिकॉमने तारांचा कारभार ओपनरीच या वेगळ्या विभागाकडे सोपविला व जानेवारी २००६ मध्ये तो सुरू झाला. आपल्याच विक्रीविभागाला ज्या अटींवर तार मिळते, त्याच अटींवर ती परक्यालाही द्यावयाची, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रतिस्पर्ध्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. २०१७ मध्ये ओपनरीचला कायद्याने वेगळी कंपनी करण्याचे ठरले, मात्र तिची मालकी मूळ कंपनीकडेच ठेवण्यात आली.

या धोरणाने दर उतरले व निवड वाढली, हे खरे. पण जी तार सर्वांना भाड्याने मिळते ती बदलण्याची निकड कोणालाच भासत नाही, हेही तितकेच खरे. २०१७ मध्ये केवळ ३ टक्के वास्तूंना थेट घरापर्यंत प्रकाशीय तंतू उपलब्ध होता. त्यानंतर नव्या कंपन्यांना ओपनरीचच्या नळ्या व खांब वापरू देण्यावर भर देण्यात आला, भांडवलही आले आणि २०२५ च्या प्रारंभी हे प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशावर पोहोचले.

शब्द आणि वेग : मधल्या काळात कंपन्यांनी तंतू रस्त्यावरील पेटीपर्यंत नेला व पेटीपासून घरापर्यंत जुनीच तार ठेवली, जाहिरातीत मात्र सेवेला ‘फायबर’ म्हटले. जाहिरात नियामक मंडळाने २०१७ मध्ये या शब्दाने ग्राहकाची दिशाभूल होत नाही असा निर्वाळा दिला. सिटीफायबर या कंपनीने त्यास दिलेले आव्हान २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले. ग्राहकाला शब्दाचा अर्थच ठाऊक नसल्यास त्याची फसवणूकही होत नाही, अशा थाटाचा हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास पटण्यासारखा वाटत नाही. ऑफकॉमने सप्टेंबर २०२४ पासून लागू केलेल्या मार्गदर्शनानुसार, करारापूर्वी ग्राहकास द्यावयाच्या माहितीत हा शब्द घरापर्यंत तंतू असेल तरच वापरावयाचा आहे. ‘अमुक वेगापर्यंत’ या जाहिरातीचेही तसेच. पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेग छापता येई. मे २०१८ पासून रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच सांगावा लागतो. चालू करारात महागाईच्या निर्देशांकावर आणखी काही टक्के चढवून दर वाढविण्याची पद्धतही फार अप्रिय ठरली. १७ जानेवारी २०२५ नंतरच्या करारांत भावी वाढ पौंड-पेन्सांत आधीच सांगणे बंधनकारक आहे.

ग्रामीण भागाची कथा वेगळी. मार्च २०२० पासून १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची जोडणी मागण्याचा हक्क प्रत्येक घराला मिळाला. पण जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांच्या वर गेल्यास जादा रक्कम घरमालकाने सोसावयाची असल्यामुळे, ज्यांना गरज सर्वांत अधिक त्यांच्याच हाती तो कागदी राहिला. लँकेशरमधील खेड्यांनी २०११ मध्ये ‘बी फॉर आर एन’ ही लोकसंस्था स्थापून निराळा मार्ग काढला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून विनामूल्य वाट दिली, गावकऱ्यांनी चर खोदले आणि अनेक शहरांना नसलेला १,००० मेगाबिटचा वेग त्या वाड्यावस्त्यांना मिळाला.

आशयाचे नियंत्रण : तार विकणाऱ्यानेच तीवरून जाणाऱ्या मजकुरावर पहारा करावा, ही अपेक्षा लवकरच पुढे आली. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे रोखण्यासाठी १९९६ मध्ये इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था निघाली आणि तिच्या यादीनुसार २००४ पासून ब्रिटिश टेलिकॉमने पत्ते अडविण्यास आरंभ केला. हेतूबद्दल कोणाचे दुमत नव्हते. परंतु डिसेंबर २००८ मध्ये एका जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्रामुळे विकिपीडियातील एक पान यादीत गेले आणि चाळणीच्या रचनेमुळे असंख्य ब्रिटिश वाचकांना त्या कोशात संपादन करणेच अशक्य झाले. काही दिवसांत बंदी उठविण्यात आली. प्रौढांसाठीच्या स्थळांवर वयाची खातरजमा करण्याची २०१७ च्या अधिनियमातील तरतूद २०१९ मध्ये सोडून देण्यात आली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन सुरक्षा अधिनियमाने ही जबाबदारी तारेवरून संकेतस्थळांवर आणली. उल्लंघनास १ कोटी ८० लक्ष पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी अधिक ती रक्कम दंड म्हणून होऊ शकते. २५ जुलै २०२५ पासून अश्लील व तत्सम घातक आशयासाठी वयाची तपासणी सक्तीची झाली. लगेचच आपले ठिकाण लपविणाऱ्या आभासी खासगी जालांचा वापर झपाट्याने वाढला आणि अधिनियम रद्द करण्याच्या मागणीपत्रावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. शासनाने ती मागणी नाकारली. मुलांचे संरक्षण हवे, असे मानणाऱ्यांतही छायाचित्र किंवा ओळखपत्र परक्या कंपनीच्या हाती देण्याविषयी अस्वस्थता आहे. छंदिष्टांची लहान चर्चास्थळे चालविणाऱ्यांना कायदेशीर जोखमीचा अंदाज घेणेही जड जाते, ही तक्रार दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तांब्याच्या तारेचा अंत : तांब्याच्या तारेत एक गुण असा होता की, त्याची कधी जाहिरात करावी लागली नाही. दूरध्वनी केंद्रातील विद्युत् घटमालेतून सुमारे ५० व्होल्टचा पुरवठा त्याच तारेने घरातील यंत्राला मिळे. त्यामुळे घरातील वीज गेली तरी साधा तारेचा दूरध्वनी चालू राही. प्रकाशीय तंतू काचेचा असतो व त्यातून वीज वाहत नाही. नव्या पद्धतीत दूरध्वनी घरातील इंटरनेट यंत्राला जोडलेला असल्याने वीज खंडित होताच तोही मुका होतो.

याचा सर्वांत मोठा फटका एकट्या राहणाऱ्या वृद्धांना व रुग्णांना बसण्याचा धोका होता. गळ्यात वा मनगटावर बांधलेली कळ दाबताच मदतकेंद्राला हाक जाते, अशा उपकरणांवर सुमारे १८ लक्ष लोक अवलंबून आहेत. ही उपकरणे जुन्या तारेवरील ध्वनिसंकेतांसाठी घडविलेली असून नव्या जोडणीवर ती चालतीलच याची शाश्वती नसते. वीज गेल्यावर निदान एक तास तरी तातडीच्या क्रमांकाशी संपर्क साधता येईल अशी एक सोय कंपन्यांनी, भ्रमणध्वनी वापरू न शकणाऱ्यांसाठी, उपलब्ध करावी असे ऑफकॉमचे २०१८ चे मार्गदर्शन आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या आर्वेन वादळाने या एका तासाचे मोल दाखवून दिले. सुमारे दहा लक्ष घरांची वीज गेली; स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील काही हजार घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात राहिली. वीज नसल्याने भ्रमणध्वनीचे मनोरेही बंद पडले. लोकांच्या रोषानंतर मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने नव्या दूरध्वनीकडे ग्राहकांना वळविण्याचे काम स्थगित केले व ते पुढील वर्षी टप्प्याटप्प्याने पुन्हा हाती घेतले.

तंत्रदृष्ट्या हा बदल टाळणे शक्य नव्हते. जुन्या केंद्रांतील यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि ती दुरुस्त करणारे कुशल कारागीर निवृत्त होत होते. आक्षेप बदलाला नव्हता, त्याच्या रीतीला होता : निर्णय कंपन्यांनी घेतला, शासन दीर्घकाळ प्रेक्षक राहिले आणि ज्यांना नव्या साधनांची सवय सर्वांत कमी, त्यांनाच स्वतःची गरज सांगत पुढे यावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओपनरीचने जुन्या धर्तीच्या नव्या जोडण्या विकणे देशभर थांबविले. त्याच वर्षी, नव्या जोडणीनंतर काही मदत-उपकरणे बंद पडल्याच्या गंभीर घटना उघडकीस आल्यावर, शासनाने डिसेंबरमध्ये प्रमुख कंपन्यांकडून एक सनद मान्य करून घेतली. उपकरण नव्या जोडणीवर चालते याची खात्री पटल्याखेरीज अशा ग्राहकाची तार बदलावयाची नाही आणि विजेच्या पर्यायी सोयीबाबत एका तासाच्या किमान मर्यादेपलीकडे जाण्याचा प्रयत्न करावयाचा, असे तीत ठरले. जुनी सेवा बंद करण्याची मूळ मुदत डिसेंबर २०२५ होती. मे २०२४ मध्ये ती ३१ जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेण्यात आली.