‘ट्रिंकोमाली’ : मुंबईच्या एका सागवानी शीडजहाजाचा मूळशोध व जीर्णोद्धार

लाकडी जहाजांच्या इतिहासाचा अभ्यास करताना एक अडचण नेहमीच उपस्थित होते. असे जहाज आपल्या आयुष्यात अनेकवार दुरुस्त होते. त्याच्या फळ्या बदलतात, डोलकाठ्या बदलतात आणि प्रसंगी नावही बदलते. तेव्हा त्याचे मूळ रूप कोणते मानावे आणि जीर्णोद्धार करावयाचा तो कोणत्या अवस्थेपर्यंत, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित ठरतात. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे फ्रिगेट जातीचे लढाऊ जहाज या प्रश्नांच्या विवेचनास विशेष उपयुक्त आहे.

मुंबईतील जहाजबांधणीची परंपरा सुरतेहून आली. १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सुरतेहून मुंबईस आले आणि १७५० साली येथे पहिली सुकी गोदी सिद्ध झाली. पुढे वाडिया घराण्यातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम सांभाळले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे आज ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याचे नाव धारण करणारे ‘साल्सेट’ हे फ्रिगेट १८०५ साली याच गोदीत तयार झाले. इंग्रज कवी बायरन १८१० साली याच जहाजातून कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. त्याच वर्षी जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे मोठे युद्धनौकेचे काम तडीस नेले.

ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे वळावे, यास कारण होते. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडमध्ये जहाजास योग्य अशा ओक लाकडाची चणचण भासू लागली होती. उलट मुंबईस मलबारचे सागवान उपलब्ध होते. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे ते सहसा कुजत नाही. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांस झिजविते. सागवानात हा दोष नाही. जहाजाचे आयुष्य बहुधा त्याच्या सांध्यांवर अवलंबून असल्याने हा भेद क्षुल्लक मानता येत नाही.

‘ट्रिंकोमाली’ची मागणी १८१२ साली नोंदविली गेली. तिचा आराखडा मात्र मूळचा इंग्रजी नव्हे. इंग्रजांनी १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटच्या घडणीवरून ‘लीडा’ वर्गाची जहाजे आखली गेली आणि ‘ट्रिंकोमाली’ त्याच वर्गातील होय. मुंबईस पाठविलेले नकाशे ‘जावा’ या जहाजावर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने ‘जावा’चा पराभव केला आणि ते नकाशेही गेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. परिणामी जहाजाचा कणा १८१६ साली घातला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले.

यावरून मूळशोधाची पद्धती स्पष्ट होते. आराखड्याचे मूळ शोधू गेल्यास ते फ्रान्सपर्यंत पोचते. लाकडाचे मूळ मलबारात सापडते. आणि प्रत्यक्ष घडणीचे मूळ मुंबईत. पहिल्याचा पुरावा नकाशांतून व दुसऱ्याचा बऱ्याच अंशी कागदपत्रांतून मिळू शकतो. तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. प्रमुख कारागीर म्हणून जमशेटजींचे नाव इतिहासात राहिले. परंतु ज्या सुतारांनी फळ्या तासून बेतल्या व सांधे जुळविले, त्यांच्या कौशल्याची मुख्य साक्ष म्हणजे ते जहाजच होय. म्हणून त्याची प्रत्येक मूळ फळी हा एक दस्तऐवज ठरतो.

तो टिकला कसा, हेही पाहण्याजोगे आहे. जहाज तयार झाले तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे लोटली होती. १८१९ साली ते पोर्ट्‌समथ येथे पोचले आणि दीर्घकाळ राखीव म्हणून पडून राहिले. १८४५ मध्ये फेररचना होऊन त्यावर २६ तोफा ठेवल्या गेल्या. नंतर त्याने उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज व पॅसिफिक येथे कामगिरी केली. पुढे ते प्रशिक्षणनौका झाले. १८९७ साली ते मोडीत निघाले असता जॉर्ज व्हीटली कॉब यांनी विकत घेतले. त्यांचे स्वतःचे ‘फूद्रॉयां’ हे जुने जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूल येथे वादळात नष्ट झाले होते. त्याचे नाव या जहाजास देण्यात आले व पुढील सुमारे नव्वद वर्षे मुंबईचे हे जहाज परक्या नावाने वावरले.

१९८७ साली ते हार्टलपूल येथे नेण्यात आले. १९९० मध्ये आरंभिलेला जीर्णोद्धार २००१ साली पुरा झाला. त्यास सुमारे १ कोटी ५ लक्ष पौंड खर्च आला. १९९२ मध्ये मूळ नाव पुन्हा देण्यात आले. या दीर्घ कार्यानंतरही जहाजाच्या सांगाड्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग मूळचाच राहिला, हे सागवानाचे व ते घडविणाऱ्या हातांचे श्रेय होय. पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून आज त्याची गणना होते. वयाने वडील असलेली ‘व्हिक्टरी’ सुक्या गोदीत आहे.

लीडा वर्गातील दुसरे अवशिष्ट जहाज ‘युनिकॉर्न’ हे १८२४ साली चॅटम येथे पाण्यात उतरले व ते डंडी येथे आहे. शिडे व डोलकाठ्या न चढविता छपराखाली ठेवल्यामुळे त्याचे मूळपण पुष्कळच टिकले. एक जतन न वापरल्याने झाले, दुसरे वापर व दुरुस्ती यांतून. दोहोंची तुलना संशोधकास फलदायी ठरेल. मात्र मधल्या काळात इंग्लंडमधील बांधणीची रीत बदलली होती, हे ध्यानी ठेवावयास हवे.

मुंबईस या कथेतून घेण्याजोगा बोध आहे. १९९७ साली सेवानिवृत्त झालेली ‘विक्रांत’ काही वर्षे येथे संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये मोडीत गेली. मुंबईच्या सुतारांचा सर्वांत बोलका पुरावा आज उत्तर समुद्राच्या काठी आहे. त्या कौशल्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने नकाशे व पत्रव्यवहार वाचावेतच. परंतु वसई, वर्सोवा, मढ अशा किनाऱ्यांवर लाकडी होड्या बांधण्याचे जे ज्ञान हातांत उरले आहे, त्याची नोंद ते हात असेतोवर करून ठेवणे अधिक निकडीचे आहे. कागद पुढेही वाचता येतील. हातांचे ज्ञान मात्र वाट पाहात नाही.