चिठ्ठी असेल त्याचीच प्रत निघेल
(क्लाऊडवरील ऊस नोंद, काटा पावती व ऊसबिल यांच्या आपोआप बॅकअपविषयी)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गाळप हंगाम तोंडावर आला की सुलतानपूर गटात एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पूर्वी आमची नोंद वहीत असायची, डोळ्यांनी दिसायची. आता म्हणता ती क्लाऊडवर आहे. उद्या तिकडं काही बिघडलं तर लागणीची तारीख, काट्याचं वजन आणि बिल काढायचं कुठून?"

प्रश्न रास्त आहे. वेगळा करार नसेल तर उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत व उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण काट्याचा हिशेबच हाती नसेल तर बिल निघणार कशावर? म्हणून "बॅकअप आहे" एवढ्या उत्तरावर कुणी समाधान मानू नये. कशाचा बॅकअप, किती वेळाने आणि कोणत्या नियमाने, हे सभासदाला कळले पाहिजे.

क्लाऊड म्हणजे भाड्याची कोठी

क्लाऊड हे काही आभाळात नसते. मोठ्या कंपन्यांनी पक्क्या इमारतींत हजारो संगणक मांडले आहेत. त्यातली जागा आपण भाड्याने घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली. अमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत. इमारत, वीज, पहारा ही मालकाची जबाबदारी. पण आपल्या मालाची दुसरी प्रत काढायची की नाही, हे बहुतेक वेळा भाडेकरूनेच ठरवायचे असते. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

तोडणीच्या कार्यक्रमावरून समजून घ्या

काटा, ऊस नोंद, ऊसबिल, भाग खाते, ठेवी, स्टोअर अशा प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर, डिस्क वा डेटाबेस असतो. एकेकाचे नाव लिहून "याची प्रत काढा, त्याची काढा" अशी यादी केली, तर ती दोन महिन्यांत शिळी होते. नवा सर्व्हर आला की यादीत घालायला कुणीतरी विसरतेच.

आपण तोडणीचा कार्यक्रम कसा लावतो? अमक्या पाटलांचा फड, मग तमक्या काकांचा, अशी नावे घेऊन नाही. प्रत्येक प्लॉटच्या नोंदीत जात, हंगाम आणि लागणीची तारीख असते. मग नियम एकच: "१५ जुलै ते १५ ऑगस्टची आडसाली, को ८६०३२, आधी." त्या नोंदीचे सगळे प्लॉट आपोआप पाळीत येतात. नवा प्लॉट नोंदला तरी नियम बदलावा लागत नाही. आणि ज्याची नोंदच नाही, त्याचा ऊस उभा राहतो.

क्लाऊडवरची ही नोंद म्हणजे टॅग. आपल्या भाषेत चिठ्ठी. तिला दोन बाजू असतात, नाव आणि किंमत. उदाहरणार्थ 'विभाग = ऊसबिल', 'बॅकअप = तासाला'. अमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या दोघांकडेही एका वस्तूला अशा ५० चिठ्ठ्या लावता येतात. नियम मग एकदाच लिहायचा: ज्यावर 'बॅकअप = तासाला' आहे त्याची दर तासाला प्रत काढा, ती ३५ दिवस ठेवा, नंतर काढून टाका. अमेझॉनने या कामाची स्वतंत्र सेवा जानेवारी २०१९ मध्ये सुरू केली.

तीन चिठ्ठ्या पुरेत

(१) 'तासाला' : हंगामातील काटा व ऊसबिल. दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना धरा. तासाला सुमारे १०४ टन ऊस काट्यावरून जातो. तासाला प्रत असेल तर बिघाडात फार तर तेवढ्या वजनाच्या पावत्या पुन्हा भराव्या लागतील. रात्री एकदाच प्रत असेल तर जवळजवळ २५०० टनांच्या.

(२) 'रोज' : ऊस नोंद, भाग खाते, ठेवी, स्टोअर. इथे एका दिवसाचे काम कागदावरून पुन्हा भरता येते.

(३) 'नको' : तात्पुरते व प्रयोगाचे सर्व्हर. साठवलेल्या प्रत्येक प्रतीला भाडे पडते, म्हणून सरसकट सगळे तासाला ठेवणे परवडत नाही. पण 'नको' हेसुद्धा लिहूनच ठेवावे. कोरी जागा म्हणजे 'नको' की 'विसरलो', हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

घोटाळा कुठे होतो?

पहिला, शुद्धलेखनात. 'सुलतानपूर' आणि 'सुल्तानपूर' हे एकच गाव, हे आपल्याला कळतं. यंत्राला कळत नाही. अमेझॉनकडे इंग्रजी मोठे अक्षर आणि छोटे अक्षर यांनीसुद्धा चिठ्ठी वेगळी होते. म्हणून चिठ्ठीचे शब्द एका कागदावर ठरवून त्यातूनच निवडावेत.

दुसरा, 'आणि' व 'किंवा' यांत. 'को ८६०३२ किंवा खोडवा' म्हटलं की त्या जातीची सगळी लागण आणि सगळ्या जातींचा खोडवा आला. 'को ८६०३२ आणि खोडवा' म्हटलं की फक्त त्या जातीचा खोडवा. बॅकअपच्या नियमात दोन चिठ्ठ्या घालताना असाच फरक पडतो आणि अर्धे सर्व्हर गुपचूप बाहेर राहतात.

तिसरा, घड्याळात. अशा नियमांत वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेने धरली जाते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे पहाटेचे ५ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेदहा, ऐन काट्यावर गर्दीची वेळ!

चौथा, हक्कात. चिठ्ठी ज्याला काढता येते त्याला बॅकअपही बंद पाडता येतो. म्हणून हा हक्क एकदोघांकडेच असावा. चिठ्ठीशिवाय नवा सर्व्हर उघडूच नये, असाही नियम घालता येतो. तो घालावा.

इतरांच्या अनुभवावरून

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. क्लाऊडवरचे आणि कार्यालयातले, दोन्हीकडचे सर्व्हर कुलूपबंद झाले. पण बॅकअपच्या प्रती वेगळ्या जाळ्यात ठेवल्या होत्या, त्यांना लागण झाली नाही. धडा असा की बियाणे आणि धान्य एका कणगीत ठेवू नये. मूळ हिशेब मुंबईत असेल तर प्रत हैदराबादला, तीही वेगळ्या खात्यात असावी.

उलट उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्रात बॅटरीची आग लागली. सरकारी नोकरांच्या फायलींचा सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. तो फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. बॅकअपची व्यवस्था देशात होती. हा एक साठा तिच्याबाहेर राहिला होता, आणि गेला तो तोच.

प्रत निघाली म्हणजे ती उघडतेच, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण ऐन वेळी नेहमीच्या प्रती निघतच नव्हत्या असे आढळले. सुदैवाने हाताने काढलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, तशी बॅकअपची उगवण हंगामाआधी तपासावी.

सभासदांनी काय करावे?

कारखाना आपला आहे. वार्षिक सभेत रिकव्हरीबद्दल विचारता, तसे हे तीन प्रश्नही विचारा:

१. चिठ्ठी नसलेले किती सर्व्हर आज आहेत? (उत्तर 'एकही नाही' हेच हवे.)
२. दुसरी प्रत कोणत्या शहरात व कोणाच्या ताब्यात आहे?
३. प्रतीवरून ऊसबिल पुन्हा उभे करून शेवटचे कधी पाहिले, आणि त्याला किती तास लागले?

आणि आपल्या बाजूने, काट्याची पावती बिल जमा होईपर्यंत जपून ठेवावी. शेवटच्या तासाचा हिशेब पुन्हा भरायची वेळ आली तर तुमच्या खिशातला तो कागदच साक्ष देणार आहे. ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉयकडून लागणीची तारीख, जात व गट नंबर वाचून घ्यावा. चुकीच्या नोंदीची सुरक्षित प्रत काढली तरी ती चुकीचीच राहते.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. तरी सर्व सभासदांनी वरील गोष्टी ध्यानात घेऊन शंका असल्यास गट ऑफिसात जरूर विचारावे, ही विनंती.