विलायती खेळ, वऱ्हाडी मानधन

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९९८ च्या सप्टेंबरात ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर?’ सुरू झाले. त्यातील बक्षिसांचा पैसा मुख्यतः येई तो भाग घेण्यासाठी जादा दराने दूरध्वनी करणाऱ्यांच्या खिशातून. दाता कोणी नव्हताच. होती ती असंख्य निराश उमेदवारांची वर्गणी. पुढच्याच वर्षी खेळ अमेरिकेत पोहोचला आणि ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन आपल्या घरात आला. साचा परवान्याने विकत मिळतो. प्रश्न, भाषा आणि अश्रू ज्या त्या देशाचे.

२०१९ मध्ये याच खेळात वऱ्हाडातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या या बाईंचे मानधन तेव्हा दरमहा १५०० रुपये होते. साऱ्या वऱ्हाडाला अभिमान वाटला, तो रास्तच. परंतु या साच्यात ते १५०० रुपये कोटीला उठाव देण्यापुरतेच उरले. बारमाही मानधन धरले तरी त्या दराने एक कोटी मिळविण्यास साडेपाचशे वर्षे लागतील, हा हिशेब कोणी मांडला नाही.

दारव्हा तालुक्यातील शाळांतही स्त्रिया हीच खिचडी शिजवितात. केंद्राने या कामासाठी २००९ साली ठरविलेला दर महिना १००० रुपये होता, तोही वर्षाकाठी दहाच महिने. ‘मानधन’ हा शब्द मोठा सोयीचा. मजुरी म्हटले की किमान वेतनाचा कायदा आठवतो. त्या रात्री ज्यांचे डोळे पाणावले, त्यांपैकी कितींनी दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेतील स्वयंपाकिणीला, या महिन्याचे पैसे मिळाले काय, असे विचारले असेल?