वेदना : शरीराचा पहारेकरी

मुलांनो, मुरूडच्या किनाऱ्यावर अनवाणी चालताना खडकाला चिकटलेल्या कालवाची धारदार कड पायाला लागली, तर तुम्ही काय कराल? चटकन पाय उचलाल. जखमेची बातमी मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते आणि वेदना आपल्याला सावध करते.

ही बातमी पोहोचलीच नाही तर? काही मुलांना जन्मापासूनच वेदना कळत नाही. उत्तर पाकिस्तानातील असा एक मुलगा रस्त्यावर खेळ करी. तो दंडात सुरी खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले. लोकांना नवल वाटे. पण १४ वर्षांचा होण्यापूर्वीच, छपरावरून उडी मारल्याने तो मरण पावला.

डॉक्टरांनी तेथील अशी आणखी सहा मुले तपासली. त्यांना स्पर्श कळे, ऊनगार कळे. तरी लहानपणी त्यांनी स्वतःचेच ओठ किंवा जीभ चावली होती. काहींचे हाड मोडलेलेही वेळीच समजले नव्हते. २००६ साली कारण सापडले : एका जनुकातील दोष. आई आणि वडील या दोघांकडूनही तो आला, तरच हा विकार होतो.

म्हणून दुखले की वेदनेवर रागावू नका. ती काय सांगते, ते आधी ऐका.