लाकूड घासण्याच्या यंत्राची निवड

रंधलेले लाकूड डोळ्यांस सपाट भासले, तरी पॉलिशचा पहिला हात बसताच त्यावरील सूक्ष्म ओरखडे उघडे पडतात. म्हणून घासणीचे यंत्र निवडताना त्याच्या वेगापेक्षा ते कोणत्या प्रकारचा ओरखडा मागे ठेवते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

बेल्ट सँडरचा पट्टा एकाच दिशेने धावतो. जाड सागवानी फळीची उंचसखलता काढण्यास तो उत्तम; परंतु सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या व्हिनिअरवर तो क्षणभर जरी रेंगाळला, तरी खालचा प्लाय दिसू लागतो, व ही हानी भरून येत नाही. ऑर्बिटल सँडरचा चौकोनी तळ लहान लहान वर्तुळांत हलतो. तो कोपऱ्यांत पोचतो खरा, पण त्याची वलये गडद रंगाखाली उठून दिसतात. रँडम ऑर्बिटल सँडरमध्ये या हालचालीच्या जोडीस गोल तबकडी स्वतःभोवतीही फिरते. त्यामुळे कागदावरील कण सहसा पूर्वीच्याच मार्गाने जात नाही. अंतिम सफाईस हेच यंत्र सरस होय. मात्र हाताने घासण्याच्या सवयीने कारागिराने त्यावर भार दिला, की तबकडीचे फिरणे मंदावते आणि हा सारा लाभ नाहीसा होतो.

धुळीचा विचार बहुधा शेवटी केला जातो, हे योग्य नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांना तिचा विशेष धोका असतो. यंत्राची कापडी पिशवी अतिसूक्ष्म कण पुरते अडवीत नाही. ज्या यंत्रास धूळशोषकाची नळी जोडता येत नाही, ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.